घराची हिवाळी तयारी

दिवाळी सरते, सोयाबीन घरात येऊन पडते, गव्हाहरभऱ्याची पेरणी मार्गी लागते, आणि मग एखाद्या पहाटे अंगणातल्या रांजणात हात घालताच आम्हां माळव्यातील माणसांना कळून चुकते की, हिवाळा वेशीपाशी येऊन उभा राहिला आहे. आमचे गोमंतकीय वाचक ही ओळ वाचून हसतील. त्यांच्याकडे जानेवारीची रात्रही विसाव्या अंशाच्या आसपास रेंगाळते आणि एका चादरीवर भागते. बेळगावकडील बंधुभगिनींना पहाटे कांबळे लागते. आमच्या इंदूरच्या आसपासच्या खेड्यांत मात्र जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांवर येतो आणि थंडीची लाट आली म्हणजे पाचाच्याही खाली उतरू पाहतो. ग्वाल्हेरकरांची थंडी तर आमच्याहून कडक. त्यांना धुक्यात दोन दोन दिवस सूर्यदर्शन होत नाही. तेव्हा हा लेख मुख्यतः उत्तरेकडील घरांसाठी आहे. पण घरातली म्हातारी माणसे आणि तान्ही लेकरे सगळीकडे सारखीच असल्यामुळे त्यातले काही दक्षिणेकडच्या घरांनाही उपयोगी पडेल.

ही थंडी येते कशी, हे समजून घेतले म्हणजे तिच्याशी कसे वागावे हेही समजते. हिमालयाकडे पश्चिमेकडून ढगांचे व पावसाचे वारे येतात. त्यांच्या येण्याने कधी आमच्याकडेही मावठ्याच्या सरी पडतात. ते पुढे सरकले की त्यांच्या मागून उत्तरेचा कोरडा, गार वारा मोकळा सुटतो. आभाळ निरभ्र होते. ढग हे पृथ्वीचे पांघरूण आहे. ते निघाले म्हणजे दिवसभर तापलेली जमीन आपली ऊब रात्री आभाळाला देऊन टाकते आणि पहाटेपर्यंत पार गारठून जाते. म्हणून मावठा थांबून चांदण्या लखलखू लागल्या की आमच्याकडचे जुने शेतकरी म्हणतात, आज रात्री जपून राहा. त्या रात्री हरभऱ्यावर दाह पडतो आणि त्याच रात्री म्हाताऱ्यांची छाती भरून येते.

तयारीला केव्हा लागावे? आमच्या घरी त्यासाठी एक दिवस ठरलेला आहे: ११ नोव्हेंबर, संत मार्टिनचा सण. या संताची कथा आमच्या बालवाचकांनाही ठाऊक असेल. चौथ्या शतकात तो रोमन सैन्यात शिपाई होता. फ्रान्समधील आमिया नगराच्या वेशीपाशी कडाक्याच्या थंडीत त्याला एक उघडा भिकारी दिसला. मार्टिनजवळ द्यायला पैसा नव्हता. त्याने तलवारीने आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्या गरिबाच्या अंगावर घातला. त्याच रात्री स्वप्नात त्याला प्रभू ख्रिस्त तोच अर्धा झगा पांघरून उभा असलेला दिसला. पुढे मार्टिन तूर नगराचा महागुरू झाला आणि इ. स. ३९७ मध्ये देवाघरी गेला. आपण लहान प्रार्थनामंदिराला चॅपल म्हणतो तो शब्दही त्याचा झगा जतन करून ठेवलेल्या जागेवरून आला आहे. जुन्या काळी फ्रान्सच्या ख्रिस्तसभेत नाताळपूर्वीच्या उपवासाला या सणानंतर प्रारंभ होत असे. म्हणजे आत्म्याची तयारी आणि अंगावरच्या वस्त्राची तयारी ख्रिस्तसभेने फार पूर्वीच शेजारी शेजारी आणून ठेवली आहे. आम्ही त्याच शहाणपणाने चालतो आणि आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडण्यापूर्वी घर थंडीला सज्ज करून ठेवतो.

प्रथम भिंती. आमची जमीन काळी. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि कार्तिकात वाळून आकसते. तिच्याबरोबर घराचा पायाही हलतो. दाराच्या चौकटी तिरक्या होतात, चौकट व भिंत यांमध्ये बोटभर फट पडते. वारा तेवढीच वाट शोधत असतो. या फटी काळ्या मातीने बुजवणे व्यर्थ आहे, कारण आठवड्यात ती पुन्हा भेगाळते. त्यासाठी पांढरीची माती आणावी, तीत गव्हाचा भुस्सा व शेण घालून पाणी मारावे आणि तो चिखल चारसहा दिवस मुरू द्यावा. मधून मधून तुडवावा. असा मुरलेला गिलावा भिंतीला धरून राहतो. दाराच्या उंबऱ्याखालून येणाऱ्या वाऱ्यासाठी जुन्या लुगड्याच्या काठाची लांब पिशवी शिवून तीत वाळू भरावी आणि रात्री ती दाराला लावून ठेवावी. उत्तरेच्या खिडकीला गोणपाटाचा पडदा लावावा. दक्षिणेची खिडकी मात्र दिवसभर सताड उघडी ठेवावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि त्याचे ऊन त्या खिडकीतून घरात खोलवर शिरते. जाड मातीची भिंत ते ऊन दिवसभर आपल्यात साठवते आणि रात्री हळूहळू परत देते. आमच्या पूर्वजांनी दीड हात रुंदीच्या भिंती उगीच बांधल्या नव्हत्या.

पत्र्याच्या घराची गोष्ट निराळी. पत्रा ऊब साठवत नाही. रात्री तो आभाळाइतकाच गार होतो, आणि घरातल्या माणसांच्या श्वासातली वाफ त्याच्यावर गोठून पहाटे थेंबाथेंबाने अंथरुणावर गळते. नव्या माणसाला वाटते, छप्पर गळते आहे. त्यावर उपाय म्हणजे पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे किंवा चटयांचे आच्छादन बांधणे. मधली अडकलेली हवाच थंडीला अडवते. कडबा किंवा गवत मात्र तेथे कोंबू नये. विजेच्या तारेची एक ठिणगी पुरते.

फरशी हा नव्या घरांचा शत्रू आहे. शेणाने सारवलेली जमीन पायाला ऊबदार लागते. गुळगुळीत फरशी पायातली ऊब ओढून घेते. पुष्कळ माणसे अंगावर तीन पांघरुणे घेतात आणि खाली एका सतरंजीवर निजतात, मग रात्रभर कुडकुडत राहतात. थंडी जितकी वरून येते तितकीच खालून येते. खाली कोरड्या भुस्श्याची गोणी किंवा जाड चटई घालून तिच्यावर अंथरूण करावे, म्हणजे वरचे एक पांघरूण कमी चालते.

पांघरुणांचा विषय निघाला म्हणजे नोव्हेंबर महिन्याचा विषय आपोआपच निघतो. हा महिना मृतांच्या स्मरणाचा. २ तारखेला आपण दफनभूमीत जातो, थडग्यांवर फुले ठेवतो, मेणबत्त्या लावतो. त्याच आठवड्यात आमच्या घरी पेटाऱ्यातून गोधड्या निघतात व अंगणात उन्हाला पडतात. एकीत आमच्या आजीचे हिरवे लुगडे आहे, एकीत आजोबांची धोतरे, एकीत लहानपणीच देवाघरी गेलेल्या एका भावंडाचे अंगडे. गोधडीत कापड वाया जात नाही, आणि माणूसही विसरला जात नाही. मुले विचारतात, हा तुकडा कोणाचा? आणि उत्तर देता देता त्या व्यक्तीसाठी एक ‘नमो मरिया’ म्हटली जाते. आपल्या मृतांनी आपल्याला अजूनही पांघरूण घालावे आणि आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, ही संतांच्या संगतीची शिकवण आम्ही प्रवचनाइतकीच त्या गोधड्यांवरून शिकलो आहोत. कापसाच्या रजया मात्र दर दोनतीन वर्षांनी पिंजाऱ्याकडून पिंजून घ्याव्यात. दबून गोळा झालेल्या कापसात हवा राहत नाही, आणि हवा नाही तर ऊब नाही.

आता ज्या विषयासाठी आम्ही मुख्यतः लेखणी हाती घेतली त्याकडे वळतो. तो विषय शेगडीचा.

आमच्या मातोश्रींनी ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. त्यांचे सारे आयुष्य कौलारू घरात गेले आणि प्रत्येक हिवाळ्यात त्यांच्या खाटेपाशी रात्री निखाऱ्यांची शेगडी असे. काही वर्षांपूर्वी आम्ही घराच्या मागील अंगास एक पक्की खोली बांधली: वर काँक्रीटचा स्लॅब, लोखंडी चौकटीच्या काचेच्या खिडक्या, घट्ट बसणारे दार. ऊन, पाऊस, उंदीर यांपासून त्यांची सुटका व्हावी हा हेतू होता. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी आपली शेगडी मागितली आणि आम्ही ती खोलीत ठेवण्यास नकार दिला.

त्यांना ते फार लागले. “माझ्या सासूबाईंनी याच शेगडीवर घरातली सगळी बाळंतपणे शेकली,” त्या म्हणाल्या. “त्यातले कोण दगावले रे?” आमच्याजवळ उत्तर होते; पण ते त्यांच्या मनाला पटेल असे नव्हते. कौलारू घरात भिंतीचा माथा आणि कौले यांमध्ये जी फट राहते ती आपण गरिबीची खूण समजतो. वास्तविक तीच त्या घराचे नाक होते. निखाऱ्यांचा वायू तिच्यातून निघून जाई आणि ताजी हवा आत येई. स्लॅबच्या खोलीला असे नाक नाही.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. श्वासावाटे तो रक्तात गेला म्हणजे रक्तातील जो घटक प्राणवायू वाहून नेतो त्यालाच प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटून बसतो. शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. आधी डोके दुखते, मळमळते, अंगातले बळ जाते. मग गुंगी येते. निजलेल्या माणसाला तर यातले काहीच कळत नाही. तो झोपेतून उठतच नाही. उत्तर भारतात असा एकही हिवाळा जात नाही की ज्यात बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेले सबंध कुटुंब सकाळी मृत आढळल्याची बातमी वर्तमानपत्रात येत नाही.

याविषयी तीन गैरसमज खेड्यापाड्यांत दृढ झालेले आहेत. पहिला असा की, धूर निघून गेला, कोळसे लाल झाले, की शेगडी निर्धोक झाली. खरे तर धूर निदान माणसाला खोकायला लावून जागे करतो. धुराविना धगधगणारे निखारे काहीच सांगत नाहीत. दुसरा असा की, शेगडीपाशी पाण्याचे पातेले ठेवले की विष त्यात उतरते. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेव्हा त्या पातेल्याचा काही उपयोग नाही. तिसरा असा की, खिडकी किंचित किलकिली ठेवली म्हणजे झाले. तेवढ्या फटीवर लेकराबाळांचा जीव टांगून ठेवू नये. निजण्याच्या खोलीत पेटते कोळसे नकोत, हा एकच नियम खरा. शहरात राहणाऱ्या आपल्या मुलांनाही हे लिहून कळवावे. बंद न्हाणीघरातील गॅसच्या बंबाने होणारे मृत्यू याच वायूमुळे होतात. एखादे वेळी कोणी असे गुंगीत सापडलेच तर दारेखिडक्या उघडून त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, कुशीवर निजवावे, शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलावून रुग्णालयात न्यावे. त्याला प्राणवायूची गरज असते. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये.

हे सर्व आम्ही मातोश्रींना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “समजले. या घरात आता माझी शेगडीसुद्धा नकोशी झाली.” त्या वाक्याने आमच्या ध्यानात आले की, प्रश्न केवळ थंडीचा नव्हता. ज्या बाईने पन्नास वर्षे या घरातील विस्तव राखला, रात्री तो राखेखाली झाकला आणि पहाटे फुंकून जागवला, तिच्या हातून आम्ही तो काढून घेत होतो. म्हातारपणी माणसाच्या हातून एकेक काम सुटत जाते आणि प्रत्येक कामाबरोबर घरातील त्याचे स्थानही जाते की काय, अशी भीती त्याला वाटू लागते. या भीतीवर वायूचे शास्त्र हे औषध नव्हे.

वाट आमच्या सूनबाईंनी काढली. त्यांनी दोन पक्क्या विटा सायंकाळी चुलीच्या कडेला तापत ठेवल्या, जुन्या घोंगडीच्या तुकड्यात नीट गुंडाळल्या आणि मातोश्रींच्या अंथरुणात निजण्यापूर्वी अर्धा तास सारून ठेवल्या. विटा किती तापल्या, कापड किती घड्यांचे हवे, हे पाहण्याचे काम त्यांनी आजींवरच सोपवले. कारण तापलेल्या भांड्याची पारख त्यांच्याइतकी घरात कोणालाच नाही. शेगडी निघाली ती ओसरीवर, मोकळ्या हवेत. तेथे सायंकाळी सारे घर तिच्याभोवती बसते, मातोश्री निखारे सारतात आणि जपमाळ त्याच सुरू करतात. शेवटचे रहस्य संपले की निखाऱ्यांवर राख ओढली जाते आणि शेगडी तेथेच अंगणाच्या कडेला राहते. चौथ्या की पाचव्या रात्री त्या आपणहून म्हणाल्या, “विटेला धग कमी, पण टिकते बरी.” त्यानंतर वाद उरला नाही. येथे एक सूचना: ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या पायांची संवेदना पुष्कळदा मंदावलेली असते, अशांच्या पायाशी वीट किंवा गरम पाण्याची पिशवी राहू देऊ नये, निजताना काढून घ्यावी.

वृद्धांविषयी आणखी थोडे. थंडीने रक्तवाहिन्या आखडतात आणि रक्ताचा दाब वाढतो. हृदयविकाराचे व पक्षाघाताचे झटके हिवाळ्यात अधिक येतात ते यामुळे. म्हणून म्हाताऱ्यांनी पहाटे अंथरुणातून एकदम उठू नये, थंड पाण्याने स्नान करण्याचा हट्ट धरू नये, आणि पहाटेच्या मिस्सेऐवजी ऊन वर आल्यानंतरच्या मिस्सेला जावे. त्याने भक्तीत उणेपणा येत नाही. तान्ह्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते आणि तेथूनच त्याची ऊब फार जाते. त्याला टोपडे घालावे आणि आईच्या अंगाशी धरून ठेवावे. आईच्या उबेची सर कोणत्याही शेगडीला नाही.

गोठ्याकडे कानाडोळा करू नये. नाताळपूर्वी मुले चर्चमध्ये व घरी गव्हाणीचा देखावा उभारण्यात दंग असतात; त्याच दिवसांत त्यांच्याकडून खऱ्या गोठ्याचेही काम करून घ्यावे. उत्तरेच्या बाजूला गोणपाट बांधावे, वासरांच्या पाठीवर पोत्याची झूल घालावी, मुख्य म्हणजे जनावरांखाली रोज कोरडा भुस्सा पसरावा. ओल्या बैठकीवर बसलेले जनावर कितीही झूल घातली तरी गारठते. ज्या प्राण्यांमध्ये प्रभूचा पहिला बिछाना पसरला गेला त्यांचा बिछाना कोरडा ठेवणे हीदेखील नाताळचीच तयारी आहे, असे मुलांना सांगितले म्हणजे ती हे काम आनंदाने करतात. त्याचप्रमाणे, रात्री वीज येते म्हणून गव्हाला पाणी देण्यास गेलेला घरचा माणूस गुडघाभर ओला होऊन परततो. त्याच्यासाठी चुलीवर ऊन पाणी आणि कोरडे धोतर तयार असावे.

शेवटी दाराबाहेरच्यांविषयी. आपल्या गावांच्या शिवारात हिवाळ्यात वीटभट्ट्या पेटतात. दूरदूरची कुटुंबे तेथे पाल ठोकून राहतात. त्यांच्या मुलांच्या अंगावर आमच्या मुलांच्या निम्मेदेखील कापड नसते. आपल्या धर्मग्रामांत त्यांच्यासाठी कांबळी गोळा होतात ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ती वाटली जातात बहुधा नाताळच्या आदल्या दिवशी. थंडी मात्र नाताळची वाट पाहत नाही. २४ डिसेंबरला दिलेले कांबळे अर्ध्या हिवाळ्यानंतर पोचते. आमची सर्व धर्मग्रामस्थांना अशी नम्र सूचना आहे की, हे काम संत मार्टिनच्या सणालाच उरकावे. गोधड्या उन्हाला टाकताना घरच्या बाईने माणसे मोजावीत आणि गोधड्या मोजाव्यात. एक जरी अधिक निघाली तरी ती पेटाऱ्यात परत जाऊ नये. मार्टिनपाशी तर अधिक असे काहीच नव्हते. होते त्याचेच त्याने दोन भाग केले. आणि देताना भट्टीवरच्या बायांना शेगडीविषयीचे ते दोन शब्दही सांगावेत. प्लॅस्टिकने चहूबाजूंनी बंद केलेल्या पालात निखारे ठेवून निजणे हे आमच्या स्लॅबच्या खोलीइतकेच घातक आहे.

वाचकहो, येत्या आगमनकाळात आपण प्रभूसाठी अंतःकरणाचे घर झाडूनपुसून ठेवणार आहोत. त्याबरोबरच हे मातीविटांचे घरही ठेवू या: फटी बुजलेले, अंथरुणे कोरडी असलेले, विस्तव ओसरीवर आणि म्हातारी माणसे मानाने उबेत असलेले. बेथलेहेमात ज्यांना धर्मशाळेत जागा मिळाली नाही त्या पवित्र कुटुंबाची कृपा आपणां सर्वांच्या घरांवर, आणि ज्यांना घर नाही त्यांच्या पालांवर, या हिवाळ्यात अखंड राहो.